आरशातले पिकार्ड किती? मिरर युनिव्हर्सच्या पुस्तकांची पार्श्वभूमी

स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकांमधलं मिरर युनिव्हर्स म्हणजे तीच माणसं पण क्रूर झालेली असं शेजारचं विश्व, आणि त्याच्यावरची पुस्तकं वाचायला घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकात माणूस अडकतोच, कारण एका पुस्तकात पिकार्ड (एरवी मालिकेतला सज्जन कॅप्टन) हा तिथल्या माणसांच्या साम्राज्याचा क्रूर कॅप्टन असतो आणि दुसऱ्यात तोच एका कार्डॅशियन मालकासाठी जुन्या वस्तू उकरून काढणारा नोकर, आणि दोघंही "आरशातले"च. वाचणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे, काळजी नको. कुठलं पुस्तक कुठल्या साली आलं ते बघितल्याशिवाय हा गुंता सुटत नाही एवढंच.

६ ऑक्टोबर १९६७ चा तो मूळ एपिसोड, ज्यात पहिल्या मालिकेतला कॅप्टन कर्क चुकून आरशातल्या विश्वात जाऊन पडतो, सगळ्यांनी बघितलाय असं धरतो. कर्कचा सहकारी स्पॉक, तर तिथला दाढीवाला स्पॉक वगैरे (आपल्या सिनेमात डबल रोलला गालावर तीळ लावायचे, तिकडे फ्रेंच कट लावला). त्यातली एकच गोष्ट इथे लागते. शेवटी कर्क त्या स्पॉकला विचारतो हे साम्राज्य किती टिकेल, स्पॉक सांगतो साधारण २४० वर्षं, मग कर्क म्हणतो पडणारच आहे तर तू आत्ताच बदल की, आणि स्पॉक "विचार करतो" छाप उत्तर देतो. आपल्याकडे "विचार करतो" म्हणजे नाहीच म्हणून समजायचं, पण इथे त्या एका उत्तरावर पुढची ५० वर्षं लोकांनी पुस्तकं लिहिली.

सुरुवातीचं पटकन. १९६९ मध्ये एपिसोडांच्या कथारूपांच्या तिसऱ्या खंडात ही गोष्ट आली, त्यात नवीन असं फार काही नव्हतं. १९८४-८५ मध्ये कॉमिक्सवाल्यांनी ८ अंकांची मालिका काढली, त्यात साम्राज्यच आपल्या बाजूला, म्हणजे मूळ विश्वावर, चाल करून येतं. मजा आहे, पण तेवढंच.

खरा घोळ १९९३ च्या डिसेंबरपासून. 'डार्क मिरर' ही कादंबरी आली, पिकार्डच्या जहाजावरची माणसं पहिल्यांदा आरशात. लेखिकेने सरळ हिशोब केला होता की स्पॉकला काही जमलं नाही, साम्राज्य शंभर वर्षांनीही तसंच उभं आहे, आणि समुपदेशक ट्रॉय तिथे सगळ्यांवर नजर ठेवणारी, मनात शिरून छळणारी सुरक्षा अधिकारी झालीय. यातला एक प्रसंग मला अजून आठवतो, आपला पिकार्ड त्या दुसऱ्या पिकार्डच्या खोलीत त्याच्या पुस्तकांचं कपाट बघतो, शेक्सपिअर काढतो, चाळतो, तर नाटकं तीच, माणसं तीच, पण दयामाया जिथे असायला हवी तिथे सगळं उलटं फिरलेलं. म्हणजे जग वाईट का झालं याचं उत्तर लढायांत न शोधता पुस्तकाच्या पानांत शोधलं. असं टीव्हीवर कधी जमलं नाही.

आणि अर्धं वर्षही झालं नाही तोच, मे १९९४ मध्ये डीप स्पेस नाइन या मालिकेने एपिसोड केला आणि सांगितलं की नाही हो, स्पॉकने खरंच बदल केला, साम्राज्याचा सरसेनापती झाला, शस्त्रं खाली ठेवली, आणि मग क्लिंगॉन आणि कार्डॅशियन या परग्रहींच्या युतीने येऊन माणसांना गुलाम केलं. झालं. कादंबरी अजून दुकानात नवी होती आणि तिची ट्रॉय रद्द. कुणी मुद्दाम केलं असं नाही, टाय-इनचा, म्हणजे मालिकेवरून निघणाऱ्या पुस्तकांचा, नियमच तो, पडदा बोलला की पुस्तकाने गप्प बसायचं.

मधल्या काळात खुद्द कर्क करणाऱ्या नटाच्या नावावर १९९८ ते २००० मध्ये तीन कादंबऱ्या आल्या (हात दुसऱ्या दोघांचाही होता), त्यात कर्क विरुद्ध आरशातला सम्राट टायबेरियस, म्हणजे दोन्हीकडे साहेब स्वतःच. वाचायला धमाल आहे, त्यावर जास्त नाही बोलत. २००५ मध्ये एंटरप्राइझ मालिकेने दोन भाग केले ज्यात आपल्या बाजूचं एकही माणूस नाही, शेवटी जहाजावरची अधिकारी होशी साटो स्वतःला सम्राज्ञी म्हणवते.

मग २००७. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकाराचा सुवर्णकाळ तो, म्हणून इथे थोडा रमणार. प्रकाशकांनी दोन जाड खंडांत ६ लघुकादंबऱ्या काढल्या आणि पहिल्यांदाच टीव्हीवर इकडेतिकडे पडलेले तुकडे एका सलग इतिहासात शिवले. सुरुवातीला जो नोकर पिकार्ड म्हटला तो इथला, कारण आता माणसं गुलाम आहेत हे धरूनच लिहायचं होतं. व्हॉयेजर मालिकेवरच्या गोष्टीत तर उलटं केलंय, जहाज आकाशगंगेच्या पार टोकाला जाण्याऐवजी तिकडचे नीलिक्स आणि केस इकडे येऊन पडतात, आणि मालिकेत त्या जहाजाची कॅप्टन असलेली जेनवे इथे बंडखोरांत आहे. पण सगळ्यात भारी 'द सॉरोज ऑफ एम्पायर', जी नंतर वाढवून पूर्ण कादंबरी म्हणून परत काढली. टीव्हीवरचं ऐकून वाटायचं स्पॉक भाबडा, शस्त्रं टाकली आणि मार खाल्ला. कादंबरी म्हणते, त्याला माहीत होतं. साम्राज्य पडणार हे ठरलेलंच होतं, मग ते अशा पद्धतीने पाडायचं की मागे हुकूमशाहीची सवय उरायला नको, आणि गुलामीच्या शंभरेक वर्षांनंतर उगवेल असं बी आधीच गुपचूप पेरून ठेवायचं. स्वतः मरणार, बायको मार्लेना मरणार, अब्जावधी लोक गुलाम होणार, हे सगळं मान्य करून. हा शहाणपणा की क्रूरपणा? पुस्तक उत्तर देत नाही आणि म्हणूनच ते चांगलं आहे. टीव्हीवरच्या एका वाक्याची चूक पुस्तकाने योजना करून टाकली. २००९ चा कथासंग्रह आणि २०११ ची 'राइज लाइक लायन्स' यांनी ते बी उगवून दाखवलं, ओब्रायन या गुलाम माणसाचं बंड आणि नंतरचं नवं राज्य.

आता शब्दांचा घोळ, कारण वाद होतात ते याच्यावरूनच. २००८ मध्ये त्याच प्रकाशकांनी "मिरियड युनिव्हर्सेस" अशी वेगळी रांग सुरू केली, त्या आरशातल्या गोष्टी नाहीत, त्या "पानिपत जिंकलो असतो तर" जातीच्या आहेत. एका गोष्टीत स्पॉक लहानपणीच गेलाय आणि कर्कच्या बाजूला एक अँडोरियन, म्हणजे निळ्या कातडीचा परग्रही, उभा आहे. तिथे इतिहास एका ठिकाणी फुटतो आणि बाकी माणसं तशीच राहतात. आरशात असा फुटण्याचा क्षण कुणी ठरवलेलाच नाही, ते पहिल्यापासून शेजारी आहे, आणि इतिहास इतका वेगळा असूनही तीच माणसं त्याच आईबापांना कशी होतात हे विचारायचं नाही. (डीप स्पेस नाइनच्या नायकाचा मुलगा जेक सिस्को तिकडे जन्मलाच नाही, तेवढं एक बरं केलं.) तर पर्यायी टाइमलाइन वेगळी आणि समांतर विश्व वेगळं. लोक दोन्हीला "मिरर" म्हणतात.

हा फरक कीस काढण्यासारखा वाटेल, पण २०२१ मध्ये त्याच्यावरच सगळं येऊन ठेपलं. २००१ पासून कादंबऱ्यांनी स्वतःचा सलग पुढचा इतिहास लिहिला होता, लग्नं, मुलं, युद्धं, मृत्यू, २० वर्षांचा संसार. २०२० मध्ये पिकार्डची नवी मालिका आली आणि त्यातलं बरंचसं जुळेना. आधीच्या रिवाजाप्रमाणे गप्प बसता आलं असतं, १९९४ ला बसलेच की. त्याऐवजी सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२१ मध्ये 'कोडा' नावाची तीन पुस्तकं काढली आणि सांगितलं की कादंबऱ्यांचं हे जग म्हणजे २३७३ साली बोर्ग नावाचे अर्धे यंत्र झालेले शत्रू भूतकाळात गेले तेव्हा मूळ धाग्यातून निघालेली एक कपची होती, "फर्स्ट स्प्लिंटर", आणि बाकी टाइमलाइन वाचाव्यात म्हणून त्यातल्या माणसांनी ती स्वतःच्या हाताने संपवायची. मदतीला कोण, तर आरशातला तोच, २००७ चा नोकर पिकार्ड.

म्हणजे २० वर्षं ज्यांना आपण मूळ समजून वाचलं तेच पर्यायी निघाले. एक गट म्हणतो हा सन्मान होता, निदान निरोप तरी दिला. दुसरा म्हणतो निरोप कुणी मागितला होता, न जुळणारं पुस्तक कपाटात सुखाने राहतं, त्याला ठार मारायची काय गरज. दोन्ही बाजू ऐकल्या तरी माझा कल दुसरीकडेच जातो, कारण 'डार्क मिरर' रद्द होऊनही आज वाचता येतं, ती ट्रॉय अजून तितकीच घाबरवते, तिला कुणी येऊन सांगितलं नाही की बाई तू कपची आहेस. पण 'कोडा'चं तिसरं पुस्तक लिहिणारा तोच आहे ज्याने स्पॉकची योजना लिहिली, आणि दोन्हीकडे हिशोब एकच, बाकीच्यांसाठी आपलं जग जाऊ द्यायचं. हे लक्षात आल्यावर राग थोडा कमी होतो. थोडाच.

दरम्यान २०१७ मध्ये कॉमिक्सने परत साम्राज्यवाला पिकार्ड आणलाच होता, २००७ च्या इतिहासाकडे न बघता. त्याच साली सुरू झालेल्या डिस्कव्हरी मालिकेने आरशातली सम्राज्ञी जॉर्जिऊ दिली, आणि २०२० मध्ये तिच्यावर कादंबरी आली, ज्यात ती आपल्या बाजूला राहून हेरगिरी करते. या पुस्तकाला स्पॉकची योजना लागत नाही, ओब्रायनचं बंड लागत नाही. मागचं काहीही न वाचता सरळ तिथून सुरू केलं तरी चालतं, आणि नवीन येणारे बहुतेक तेच करतात.