पातालपाणी पावसात, धुआंधार दिवाळीनंतर

जुलै लागला की इंदूरला आमच्याकडं पुण्या-ठाण्याकडच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्यात, येतोय आम्ही. एक दिवस पातालपाणी करू, मग रात्रीच्या गाडीनं जबलपूरला जाऊन धुआंधार बघून येऊ. पाऊस झालाय ना चांगला?" पाऊस चांगला झालाय, म्हणूनच पातालपाणी बघा आणि धुआंधारला जाऊ नका, असं मी दर वर्षी सांगते. मग ठरलेलं उत्तर येतं: "अगं, धबधबा पावसाळ्यात नाही बघायचा तर कधी बघायचा?"

हा प्रश्न सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचा आहे. ठोसेघर, आंबोली, माळशेज या सगळ्यांची सवय एकच: जितका पाऊस मोठा, तितका धबधबा मोठा. आपल्या इंदूरच्या माणसांचंही तसंच होतं, कारण त्यांनी लहानपणापासून पातालपाणी पाहिलेलं असतं आणि तेही याच चालीचं. म्हणून रामबागेतली, लोकमान्यनगरातली माणसंसुद्धा ऑगस्टमध्ये ओव्हरनाइट एक्स्प्रेसची तिकिटं काढून धुआंधार बघायला भेडाघाटला जातात आणि हिरमुसून परततात. हा गोंधळ एकदाचा मिटावा, म्हणून हे लिहिते आहे.

पातालपाण्याबद्दल इंदूरकराला फार सांगायला नको. महूच्या पुढं, शहरापासून साधारण 35 किलोमीटरवर, चोरल नदी विंध्याच्या कड्यावरून सुमारे 300 फूट खाली कोसळते. भुट्टे, भजी, धुकं, रेल्वेचा रूळ. होळीच्या सुमाराला तिथं काळा कातळ आणि तळाशी कुंडातलं पाणी, एवढंच उरतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे.

धुआंधार जबलपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, भेडाघाटला. तिथं कोसळते ती खुद्द नर्मदा. खडक आपल्यासारखा काळा बेसाल्ट नाही, पांढरा-करडा संगमरवर आहे. उंची साधारण 30 मीटर सांगतात, म्हणजे पातालपाण्याचा तिसरा हिस्सा. उंचीची तुलना करत बसणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, कारण धुआंधारचा दरारा उंचीत नाहीच. अख्खी नर्मदा एका अरुंद तोंडात शिरते, त्यात तो आहे. "मध्य प्रदेशचा नायगारा" हे बिरुद मात्र मला मनापासून खटकतं. नर्मदेला ओळख म्हणून दुसऱ्या खंडातल्या धबधब्याचं नाव कशाला लागावं?

आता खरा मुद्दा.

नळाखाली रिकामी बादली ठेवा आणि नळ पूर्ण सोडा. आधी धार तळावर आदळते, मोठा आवाज होतो, तुषार उडतात. बादली भरत जाते तसा आवाज बदलतो, धार आखूड होते. बादली नळाच्या तोंडापर्यंत भरली की धार दिसतच नाही. नळ तेवढाच सुटलेला आहे, किंबहुना जास्त, पण पडायला जागा उरलेली नाही. धुआंधारचं पावसाळ्यात नेमकं हेच होतं.

धबधब्याच्या वरच्या अंगाला नर्मदेचं पात्र ऐसपैस पसरलेलं आहे. खाली ती संगमरवराच्या घळीत शिरते आणि सुमारे तीन किलोमीटर उंच भिंतींमधून वाहते. ही घळ किती चिंचोळी आहे, ते तिथल्या एका जागेच्या नावावरूनच कळतं: बंदरकूदनी. पूर्वी माकडं या काठावरून त्या काठावर उडी मारत, अशी आख्यायिका नावाडी सांगतात. एवढ्या तोंडातून महापूर बाहेर पडायचा म्हटलं तर वेळ लागणारच. मागून लोंढा येत राहतो, पुढं वाट अपुरी पडते, पाणी घळीत तुंबतं आणि वर चढू लागतं. घळ ही आपली बादली. खालची पातळी वरच्या पातळीला भिडत जाते तसतसा धबधबा आखूड होतो, आणि मोठ्या पुरात सरळ बुडून जातो. उरतो तो एकसलग, मातकट, भोवरे घालणारा प्रवाह.

पातालपाण्याला ही बादलीच नाही. चोरल कड्यावरून पडते आणि पुढं घाटातला उतार तिची वाट बघत असतो. पडलेलं पाणी कालाकुंड गावाच्या दिशेनं लगेच निघून जातं. म्हणून तिथं जितकं पाणी येईल तितका धबधबा भरतो, बुडत कधीच नाही.

दुसरा फरक पाणी येतं कुठून याचा. जानापावच्या डोंगरावरून साडेसात नद्या निघतात असं आपल्याकडं मानतात. त्यांतली चंबळ उत्तरेला यमुनेकडं जाते आणि चोरल दक्षिणेला, नर्मदेकडं. म्हणजे पातालपाण्यापर्यंत पोचते तेव्हा चोरल अजून बाळ असते. महूच्या आसपास पाऊस पडला तर ती वाहते, थांबला की आटू लागते. नर्मदा मात्र अमरकंटकला उगम पावून अनूपपूर, दिंडोरी, मंडला असं सगळं पाणी पोटात घेऊन येते. वर जबलपूरच्या अलीकडं बरगीचं धरण आहे. धरणातून वीज करून सुटणारं पाणी थंडी-उन्हाळ्यातही पात्रात येत राहतं, म्हणून मे महिन्यात पातालपाणी मुकं झालेलं असताना धुआंधार गर्जत असतो. आणि ऑगस्टमध्ये बरगी भरलं की त्याच्या 21 दारांपैकी काही उघडतात, आणि भेडाघाटची बादली बघता बघता काठोकाठ होते.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्येच मावशी आणि काका पुण्याहून आले. मीही तेव्हा हट्ट केला नाही, तेवढ्या लांबून आलेत तर नेऊ म्हटलं. एका प्रवासवाल्यानं "मान्सून स्पेशल" म्हणून पैसे आधीच घेतले होते, नौकाविहारासकट. सकाळी भेडाघाटला उतरलो तर नावा दोरखंडांनी बांधून वर काढलेल्या. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारण तिथं नौका बंदच असतात, हे त्या माणसाला ठाऊक नसेल असं मी मानायला तयार नाही. पुढं चालत गेलो. दोन्ही बाजूंच्या दुकानांवर संगजिऱ्याचे गणपती आणि शिवलिंगं प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेली. कठड्याच्या बऱ्याच अलीकडं पोलिसांनी दोर बांधला होता. कठड्याची वरची दांडी तेवढी पाण्याबाहेर होती, तिला पळसाची एक फांदी अडकून थरथरत होती.

मावशी बराच वेळ बघत राहिली. मग मला हळूच विचारलं, "धबधबा पुढं आहे का गं?"

त्या प्रश्नानं मला फार वाईट वाटलं. गुडघे दुखत असताना ती रात्रभर बसून आली होती, आणि धबधबा तिच्या पायांपासून पन्नास पावलांवर पाण्याखाली होता.

कुणी म्हणेल, पुराचंही एक रूप असतं. असतं, आणि ते भव्य असतं. पण ज्याला धुआं बघायचा आहे त्याचं त्यावर समाधान होत नाही. धुआं होतो तो पाणी उंचीवरून खडकावर फुटतं तेव्हा. पडणंच उरलं नाही तर धूर कुठला? थंडीत या, म्हणजे कळेल. दूरवरूनच पांढरा धुरळा वर उठताना दिसतो, कठड्याशी पोचेपर्यंत चष्मा ओला होतो, शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. पाणी हिरवट-पांढरं, खडकाच्या कडा लख्ख. हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. माझी स्वतःची पसंती दिवाळी झाल्यावरच्या दोन-तीन आठवड्यांना: पूर ओसरलेला असतो आणि नदी अजून भरलेली असते.

मग बाकीच्या धबधब्यांचं काय, असा प्रश्न येतोच. नुसतं "नर्मदेवरचा" म्हणून भागत नाही, तिथं नर्मदा किती मोठी झालीय ते बघायचं. अमरकंटकची कपिलधारा नर्मदेवरचीच, पण उगमापासून काही किलोमीटरवर. तिथली नर्मदा चोरलइतकीच लहान, म्हणून कपिलधारा पावसात नि पावसानंतर लगेच बघावी. महेश्वरजवळच्या सहस्रधारेला नर्मदा थोराड झालेली असते. खडकांमधून शेकडो धारांनी वाहणारं ते पाणी पुरात एकसपाट होऊन जातं, म्हणून तिथंही थंडीतच. (सहस्रधारा मंडल्यालाही आहे आणि हजार हातांनी नर्मदा अडवणाऱ्या सहस्रार्जुनाची गोष्ट दोन्हीकडं सांगतात. फोनमध्ये नाव टाकून निघण्याआधी गाव नीट वाचा.)

या फरकाचा एक भाग जिवाशी गाठ घालणारा आहे, म्हणून तो थोडा थांबून वाचा. नर्मदेचा पूर सांगून येतो. बरगीची दारं उघडण्याआधी घाटांवर इशारा देतात, लोक मागं सरतात. चोरलचा लोंढा सांगत नाही. पातालपाण्याच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर पठारावर ढग फुटलेला असतो, पाणी काही मिनिटांत पिंडरीवरून छातीपर्यंत चढतं. जुलै 2011 मध्ये सहलीला आलेली एका कुटुंबातली माणसं तिथं पात्रातल्या खडकावर अशीच अडकली आणि वाहून गेली. काठावरच्या लोकांना हात देता आला नाही. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: पातालपाणी वरच्या कठड्यावरून बघायचं, पात्रात पाय घालायचा नाही, कुंडाकडं उतरायचं नाही. फोटोसाठी कठडा ओलांडणाऱ्या मुलांना मी हटकते, अनोळखी असली तरी.

आसपासचं बघायचं म्हणाल तर पातालपाण्याला जाऊन नुसता धबधबा बघून परतणं मला पटत नाही. धबधब्याशेजारून जाणारा रूळ होळकर स्टेट रेल्वेचा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला त्यासाठी एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजानं, 101 वर्षांच्या मुदतीनं कर्जाऊ दिले होते. त्याच मीटरगेजवर डिसेंबर 2018 मध्ये वारशाची गाडी सुरू झाली, कालाकुंडपर्यंत घाट उतरणारी. मोसमात, बहुधा शनिवार-रविवारी धावते. तारखा आधी बघून ठेवा, आणि कालाकुंडला उतरून पानावरचा कलाकंद खाल्ल्याशिवाय येऊ नका. येताना महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थळी थांबावं.

आणि पातालपाणी स्टेशनाजवळचं टंट्या मामांचं देऊळ चुकवू नका. इंग्रजांच्या खजिन्यावर हात मारून गरिबांना वाटणारा हा भिल्ल वीर. इथून जाताना गाड्या मामांना मान देत, अशी या भागाची जुनी रीत. त्यांना 4 डिसेंबर 1889 रोजी फाशी झाली ती जबलपूरच्या तुरुंगात. पातालपाणी आणि जबलपूर यांना जोडणारा माझ्या लेखी सगळ्यांत घट्ट धागा हाच आहे.

भेडाघाटला लोक उलटी चूक करतात. "भेडाघाट झालं" म्हणतात आणि पाहिलेला असतो फक्त धुआंधार. धबधबा एक ठिकाण, पंचवटी घाटावरून संगमरवरी घळीत जाणारी नाव दुसरं, आणि टेकडीवरचं चौसष्ट योगिनींचं देऊळ तिसरं. तिन्ही जवळजवळ आहेत, पण एकातून दुसरं दिसत नाही. देवळाला शंभरावर पायऱ्या आहेत. दहाव्या शतकातलं, कलचुरी राजांच्या काळचं, गोल आवाराचं. नाव चौसष्टचं असलं तरी देवड्या 81 आहेत, आणि मधल्या देवळात नंदीवर बसलेले शिवपार्वती. मूर्ती फोडलेल्या आहेत, तरी एकेका योगिनीचा दागिना बघत फिरायला तास कमी पडतो. घळीतली नाव संध्याकाळी घ्यावी. नावाडी यमक जुळवत प्रत्येक खडकाची गोष्ट सांगतो, त्याला मध्येच थांबवू नये. शरद पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला, तिथं नर्मदा महोत्सव असतो. पाणी उतरलेलं असेल आणि चांदण्यात नाव मिळाली तर आटीव दूध घरी राहिलं तरी चालेल.

मावशीला मी नंतरच्या जानेवारीत पुन्हा नेलं. काका नव्हते आले. मागच्या खेपेला दोरापाशीच थांबलो होतो, या वेळी ती कठड्याला धरून उभी राहिली, शालीवर तुषार साचत होते. काहीतरी म्हणाली, पण त्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मग तिनं फोन काढला, पुण्याला काकांना लावला आणि काही न बोलता तो पाण्याकडं धरून ठेवला.