दुहेरी बंध मोजायचे की तोडायचे?
टायरमधलं एसबीआर रबर आणि चपलांच्या तळव्यांत किंवा रस्त्याच्या डांबरात जाणारं एसबीएस, दोन्हींचे घटक तेच: स्टायरीन आणि ब्युटाडाईन. फरक मांडणीचा. एसबीआरमध्ये स्टायरीन साखळीभर विखुरलेलं असतं. एसबीएसमध्ये दोन्ही टोकांना सलग स्टायरीन, मधे ब्युटाडाईन. तपासणीच्या दोन जुन्या पद्धती ब्युटाडाईनच्या दुहेरी बंधावरच (दोन कार्बन अणूंमधल्या दुपदरी जोडावर) चालतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

पहिली आयोडीन मूल्याची, म्हणजे 100 ग्रॅम नमुना किती ग्रॅम आयोडीन घेतो ते मोजण्याची. खाद्यतेलाच्या प्रयोगशाळेत वापरतात तेच विज द्रावण, म्हणजे ग्लेशियल ॲसेटिक आम्लातलं आयोडीन मोनोक्लोराइड, इथेही चालतं. एकेका दुहेरी बंधावर त्याचा एकेक रेणू खर्च होतो. उरलेलं किती ते पोटॅशियम आयोडाइड घालून थायोसल्फेटच्या टायट्रेशननं कळतं. शेंगदाणा तेलाचं मूल्य नव्वदीच्या आसपास, तर शुद्ध पॉलिब्युटाडाईनचं हिशेबानं 469. म्हणजे 23.5 टक्के स्टायरीनवाल्या एसबीआरचं 359च्या जवळ यायला हवं. पण तेवढंच स्टायरीन दोन टोकांना गोळा करून ठेवलं, तरी आकडा 359च! ब्युटाडाईन किती, एवढंच ही पद्धत सांगते.

मांडणी कळायला साखळी तोडावी लागते. कोल्टहॉफ, ली आणि कार यांनी 1946 साली अमेरिकेतल्या जीआर-एस रबरातलं (एसबीआरचं तेव्हाचं नाव) पॉलिस्टायरीन, म्हणजे सलग जोडलेलं स्टायरीन, मोजायला जी पद्धत मांडली, ती मला रसायनशास्त्रातल्या फार सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. कच्चं रबर द्रावकात विरघळवायचं, टर्शरी ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड आणि उत्प्रेरक म्हणून किंचित ऑस्मियम टेट्रॉक्साइड घालून तापवायचं. (ऑस्मियमची वाफ डोळ्यांना घातक असते; फ्यूम हूडबाहेर, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर, बाटली उघडूच नये.) साखळी दुहेरी बंधापाशी तुटते, ब्युटाडाईनचे बारीक तुकडे होतात, सलग स्टायरीनला मात्र धक्का लागत नाही. मिश्रण मिथेनॉलमध्ये ओतलं की एसबीएसमधलं पॉलिस्टायरीन पांढरं होऊन खाली बसतं. एसबीआरमधून जवळजवळ काहीच बसत नाही, कारण एक-दोन स्टायरीनवाले तुकडे मिथेनॉलमध्येच राहतात. साका पडला नाही म्हणून ‘स्टायरीन नाही’ असं लिहिणं ही इथली नेहमीची चूक.

काही ब्युटाडाईन 1,2 पद्धतीनं जोडलेलं असतं. त्याचा दुहेरी बंध बाजूच्या फांदीवर असतो. आयोडीन तो इतरांसारखाच मोजतं, पण ऑस्मियमनं तो तुटला तरी मुख्य साखळी शाबूत राहते.

शिवाय खाली बसलेलं पॉलिस्टायरीन नुसतं तोलून टाकून द्यायचं नसतं. गाळून, वाळवून त्याचा रेणुभार काढला, की मूळ साखळीत स्टायरीनचा सलग पट्टा किती लांब होता तेही हाती येतं.