कृष्णवर्णीय निर्वासितांचे जमीनवाटप (नोव्हा स्कोशिया)

१८१२–१५ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धात मुख्यतः अमेरिकेतील चेसापीक उपसागराकाठच्या मळ्यांवरून निसटलेल्या गुलामांना कॅनडातील या प्रांतात वसवताना झालेली मोजणी व वाटप. ॲडमिरल अलेक्झांडर कॉक्रन यांच्या २ एप्रिल १८१४ च्या जाहीरनाम्याने त्यांना सैन्यात भरती होण्याची किंवा ब्रिटिश वसाहतीत मुक्तपणे राहण्याची मुभा मिळाली. सुमारे २,००० जण नोव्हा स्कोशियात उतरले.

१८१५ पासून हॅलिफॅक्सजवळ प्रेस्टन व हॅमंड्स प्लेन्स येथे कुटुंबामागे साधारण १० एकरांचे तुकडे पाडले गेले. प्रेस्टनची मूळ आखणी भूमापक थिऑफिलस चेंबरलेन यांनी १७८४ मध्ये केली होती. नवी वसाहतही त्यांच्याच देखरेखीखाली बसली. त्या काळची मोजणी ६६ फुटी साखळीने होई आणि जंगलात हद्दीवरच्या झाडांची साल तासून खूण करत. झाड पडले की हद्द वादात.

१० एकरच का, याबद्दल एकमत नाही. वस्ती एकवटलेली राहावी व शिधा पोचवणे सोपे जावे, असे एक मत. शेतीवर पोट न भरल्याने शहराला स्वस्त मजूर मिळावेत, हे दुसरे. दुसरे अधिक सयुक्तिक दिसते, कारण युद्धानंतर निवृत्त शिपायांना साधारण १०० एकर मिळत. शिवाय प्रेस्टनची जमीन खडकाळ, पातळ मातीची. जमैकाहून आणलेले ‘मरून’ लोक (मळ्यांवरून पळालेल्या गुलामांचे वंशज) तेथून १८०० मध्येच सिएरा लिओनला निघून गेले होते.

मालकीची सनद मात्र मिळाली नाही, मिळाला तो भोगवट्याचा परवाना. त्यामुळे जमीन विकून अन्यत्र जाणेही अशक्य. लेफ्टनंट गव्हर्नर लॉर्ड डलहौसी (सातारा व नागपूर खालसा करणाऱ्या डलहौसींचे वडील) यांना ही वसाहत टिकेल असे वाटत नव्हते. १८१६ च्या थंड उन्हाळ्याने पिके बुडाली. लोक सरपण, झाडू, टोपल्या व रानफळे हॅलिफॅक्सच्या बाजारात विकत. १८२१ मध्ये सुमारे ९५ जण त्रिनिदादला गेले. तेथे याच युद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांना १६ एकरांचे तुकडे मिळाले होते.

प्रेस्टनच्या काही रहिवाशांना १८४२ मध्ये सुमारे १,८०० एकरांची एकत्रित सनद मिळाली. पुढे खातेफोड न होता वारसा तोंडी चालत राहिला. कागद नसल्याने कर्ज व विक्री अडली. १९६३ च्या कायद्याने हक्क स्पष्ट करण्याची तरतूद झाली. २०१७ मध्ये प्रांत सरकारने प्रेस्टन परिसरासह पाच वस्त्यांसाठी स्वतंत्र योजना सुरू केली. मोजणी व वकिलाचा खर्च त्यातून भागवला जातो.