घाट उतरताना बॅटरी भरते म्हणे!

दर पावसाळ्यात कोणीतरी सांगतंच, अरे ई-स्कूटरचा चढताना चार्ज गेला तरी उतरताना रीजेनमध्ये (म्हणजे चाकाने फिरणारी मोटरच जनरेटर होऊन बॅटरीत वीज टाकते त्यात) परत येतो, बिनधास्त जा. नाही येत हो. म्हणजे येतो, पण चिल्लर.

वाई ते पाचगणी पसरणी घाटाचंच बघा, बारा-एक किलोमीटरात 550-600 मीटर चढाई. स्कूटर, तुम्ही आणि बॅग मिळून 200 किलो धरले तर नुसतं वर उचलायलाच 310 वॅट-अवर, मोटर-कंट्रोलरमधलं नुकसान धरून 400च्या आसपास, म्हणजे 3 किलोवॅट-अवरच्या बॅटरीतले 13 टक्के गेले, आणि टायर आणि वाऱ्याचा खर्च वेगळाच. उतरताना यातलं बरंचसं पुन्हा टायर, वारा आणि ब्रेकच्या पॅडमध्ये जातं, त्यामुळे माझ्या हिशोबाने 2-3 टक्के परत आले तरी खूप. खरा फायदा एवढाच की उतारावर खर्च जवळपास शून्य.

त्यात पाचगणीत हॉटेलवर 100 टक्के चार्ज करून निघालात तर सुरुवातीला रीजेन जवळजवळ होतच नाही, भरलेल्या बॅटरीत टाकणार कुठे? मी एकदा हेच केलं, अर्धा घाट ब्रेक दाबत उतरलो, लिव्हर धरून बोटं आखडली. आता 85-90ला प्लग काढतो.

आणि ई-सायकलवाल्यांनो, पेडलजवळ मोटर असेल तर रीजेन विसराच, मागचं फ्रीव्हील (पेडल न मारता चाक मोकळं फिरू देणारा भाग) मोटरला उलटं फिरवतच नाही.

रेंज हवी तर सपाटीवर 60 ऐवजी 40ने चालवा, वाऱ्याचा विरोध निम्म्याहून कमी होतो.