आरटीएक्स ३०५०: नाव एक, कार्डं दोन

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा किंवा ऑनलाइन शोधा, एनव्हीडियाच्या ‘आरटीएक्स ३०५०’ या ग्राफिक्स कार्डाची एकाच नावाखाली दोन खोकी समोर येतात. एकावर ८ जीबी लिहिलेलं, दुसऱ्यावर ६ जीबी. सहावालं स्वस्त असतं. बहुतेक जण मनात हिशोब मांडतात की कार्ड तेच आहे, मेमरी तेवढी दोन जीबीने कमी. आपल्याला १०८०पीवरच (फुल एचडी) खेळायचंय, मग सहा पुरे. हा हिशोब चुकतो, आणि त्यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. मोबाइल १२८ जीबीचा घ्या की २५६ जीबीचा, आतला फोन तोच असतो, हीच सवय आपल्याला लागलेली आहे. इथे मात्र मेमरीबरोबर कोअर (गणितं करणारे छोटे घटक) बदलले, क्लॉक (त्यांचा वेग) बदलला, मेमरीपर्यंतची वाट अरुंद झाली आणि विजेची गरज जवळजवळ निम्म्यावर आली.

८ जीबीचं कार्ड जानेवारी २०२२ मध्ये आलं. त्यात २५६० कुडा कोअर आहेत, बूस्ट क्लॉक १७७७ मेगाहर्ट्झ आणि वीज १३० वॅट. ६ जीबीचं दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं: २३०४ कोअर, १४७० मेगाहर्ट्झ, ७० वॅट. कोअर दहा टक्क्यांनी कमी, क्लॉक सतरा टक्क्यांनी कमी. वेगवेगळं बघितलं तर हे आकडे किरकोळ वाटतात, पण कार्डाची ताकद या दोन्हींच्या गुणाकारावर ठरते. कागदावर एक ९.१ टेराफ्लॉप्सचं (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं) आहे आणि दुसरं जेमतेम ६.८ चं. म्हणजे पाव ताकद गेली.

मेमरीची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळा घोळ तिथेच होतो. या कार्डांवर जीडीडीआर६ मेमरीच्या २ जीबीच्या चिपा असतात आणि प्रत्येक चिप ३२ बिट रुंदीच्या वाटेने जीपीयूला (कार्डाच्या मुख्य चिपला) जोडलेली असते. चार चिपा लावल्या की ८ जीबी होतात आणि रुंदी १२८ बिट. एक चिप काढली की ६ जीबी उरतात, पण तिच्याबरोबर तिची वाटही जाते आणि रुंदी ९६ बिटवर येते. चिपांचा वेग दोन्हीकडे सारखाच, तरी सेकंदाला २२४ जीबी जाऊ शकत होते तिथे आता १६८ जातात. इथेही पाव भाग गेला. म्हणून ‘माझा गेम पाच जीबीच्या वर जातच नाही, मला काय फरक पडतो’ हे म्हणणं टिकत नाही. मेमरी अर्धी रिकामी असली तरी सहावालं कार्ड मागेच राहतं. आठवाल्यावर सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) मिळत असतील तिथे यावर साधारण ४५ ते ५० मिळतील असं धरून चाला. गेमनुसार थोडं इकडेतिकडे होईल.

मेमरी खरोखरच भरली तर त्रास वेगळाच असतो. न मावलेली टेक्स्चर्स (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवली जातात आणि लागतील तेव्हा कार्ड ज्यात बसतं त्या मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून आणली जातात. ही दोन्ही कार्डं स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतात. मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्सप्रेस ३.० चा असेल तर त्या वाटेने सेकंदाला सुमारे ८ जीबीच येतात. कुठे १६८ आणि कुठे ८! सरासरी फ्रेमरेट बरा दिसत असतो, पण वळणावर गाडी घेतली की चित्र अडखळतं. म्हणून चाचण्यांचे व्हिडिओ बघताना नुसती सरासरी बघू नका, ‘वन पर्सेंट लो’चा (सगळ्यांत संथ एक टक्का फ्रेमचा) आकडाही बघा.

एवढं वाचून ६ जीबीचं कार्ड टाकाऊ वाटेल. तसं अजिबात नाही. त्याचं मोल त्या ७० वॅटमध्ये आहे.

पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट स्वतः ७५ वॅट वीज देऊ शकतो. त्यामुळे ६ जीबीच्या बहुतेक मॉडेलांना पॉवर सप्लायकडून वेगळी वायर लागतच नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत मुलांसाठी कंपन्यांतून निघालेले डेल, एचपी, लेनोव्होचे रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतले जातात. त्यांच्या सप्लायला ग्राफिक्स कार्डाची आठ पिनी वायर सहसा नसते, आणि कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असल्याने सप्लाय बदलणंही सोपं नसतं. तिथे ८ जीबीचं कार्ड चालवायचं म्हणजे सप्लाय, कदाचित कॅबिनेटही नवं. ६ जीबीचं स्लॉटमध्ये बसवायचं, ड्रायव्हर टाकायचा, झालं. बारक्या कॅबिनेटसाठी कमी उंचीची लो प्रोफाइल मॉडेलंही मिळतात. मात्र एनव्हीडियाने सहावाल्यासाठी ३०० वॅटचा सप्लाय सुचवला आहे, आठवाल्यासाठी ५५० चा. बारक्या ऑफिस डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा ३०० सुद्धा नसतात, तेव्हा सप्लायवरचं लेबल वाचून, प्रोसेसर किती वीज खातो ते धरूनच ठरवा.

वायरशिवाय चालणाऱ्या कार्डांत आधी पसंती असायची ती एनव्हीडियाच्याच २०१९ च्या जीटीएक्स १६५० ला: ८९६ कोअर, ४ जीबी मेमरी आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारं तंत्र) नाही. त्याच्यापुढे सहावालं ३०५० स्पष्टपणे सरस आहे. डीएलएसएस चालतं हा या वर्गात मोठाच आधार, कारण कमी रिझोल्यूशनवर गेम चालवून चित्र जास्त रिझोल्यूशनवर नेता येतं.

माझी तक्रार आहे ती नावाबद्दल. ३०४० म्हटलं असतं तर लोकांनी या कार्डाचं कौतुकच केलं असतं. २०१६ मध्येही जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी मॉडेलला ११५२ आणि ६ जीबीला १२८० कोअर होते, नाव तेच. २०२२ मध्ये एनव्हीडियाने आरटीएक्स ४०८० दोन प्रकारांत जाहीर केलं, १६ जीबीला ९७२८ कोअर आणि १२ जीबीला ७६८०. टीका इतकी झाली की १२ जीबीवालं ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावं लागलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ते ४०७० टीआय म्हणून बाजारात आलं. महागड्या कार्डाच्या गिऱ्हाइकाला जे मिळालं, ते पैसे साठवून पहिलं कार्ड घेणाऱ्याला मिळालं नाही. स्पष्ट नावाची गरज खरं तर त्यालाच जास्त होती.

सप्लाय चांगला असेल आणि किमतीतला फरक परवडत असेल तर ८ जीबीचंच घ्या. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जड सीन रेंडर करणाऱ्यानेही तेच घ्यावं. नुसतं व्हिडिओ एडिटिंग असेल तर एनकोडर (व्हिडिओ एक्स्पोर्ट करणारा भाग) दोन्हीकडे एकाच पिढीचा आहे, एव्ही१ या फॉरमॅटमधला व्हिडिओ दोन्हीवर नीट दिसतो, पण त्या फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट दोन्हींपैकी कुठल्याच कार्डाचा एनकोडर करत नाही.

जुनं कार्ड घेताना विक्रेता ‘३०५० आहे’ एवढंच सांगेल. कार्डाच्या वरच्या कडेला पॉवरचा कनेक्टर नसेल तर ते ६ जीबीचंच. चालू करून दाखवत असेल तर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायला सांगा. तिथे बस विड्थ (मेमरीच्या वाटेची रुंदी) ९६ बिट की १२८, आणि शेडर (म्हणजे कोअर) २३०४ की २५६०, हे लगेच दिसतं. लॅपटॉपला हे आकडे लावू नका. लॅपटॉपमधल्या ६ जीबीच्या ३०५० ला २५६० कोअर असतात, ४ जीबीला २०४८, आणि चिपला किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते.