खिळा शाबूत, लाकूड गेलेलं

एकोणिसाव्या शतकात बराच काळ समज असा होता, की लाकूड आधी कुजतं आणि मग त्यावर बुरशी येते. जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यांनी १८७०च्या दशकात हे उलटं करून दाखवलं: कूज बुरशीमुळेच होते. गंमत अशी, की उपाय त्याच्या कितीतरी आधी बाजारात आला होता. जॉन बेथेल यांनी लाकडात दाबाखाली क्रिओसोट (डांबरापासून काढलेलं तेल) भरण्याचं पेटंट घेतलं ते १८३८ मध्ये. रोग कळायच्या आधीच औषध!

खिळे-बोल्टांनी जोडलेल्या लाकडी सांध्यांच्या ताकदीचा अभ्यास करणारे लोक मात्र वेगळेच. अमेरिकेत मॅडिसनच्या वनोपज प्रयोगशाळेने १९३२ मध्ये बोल्टखाली लाकूड किती दाब सोसतं याची मोजमापं प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये डेन्मार्कच्या के. डब्ल्यू. योहानसेन यांनी मांडलेल्या सिद्धांतावर आजचं गणित उभं आहे. खिळा वाकवायला किती जोर लागतो आणि त्याच्याखालचं लाकूड कधी चिरडतं, हे त्याचे दोन मुख्य आधार. यातला दुसरा आकडा निरोगी लाकडाचा असतो.

गोम इथेच आहे, कारण कूज बऱ्याचदा सांध्यापासूनच सुरू होते. भोकातून पाणी शिरतं, दोन लाकडांच्या फटीत ते वाळत नाही, थंड लोखंडावर दवही धरतं. ओलावा २० टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी सहसा मूळ धरत नाही, पण अशा फटीत तो महिनोन्‌महिने वरच राहतो. तपकिरी कूज, म्हणजे लाकूड तपकिरी पडून भुगा होणारा प्रकार, फार लबाड. लाकडाचं वजन ५ ते १० टक्के घटेपर्यंत आघात सोसण्याची ताकद निम्म्याहून अधिक गेलेली असू शकते आणि वरून लाकूड ठीकच दिसतं. खिळा उपटून पाहावा. धडधाकट लाकडातून तो करकरत निघतो. कुजलेल्यातून मुकाट्याने, अंगाला तपकिरी भुगा घेऊन. आडव्या धक्क्यातही तेच. एरवी खिळा लाकडात वाकतो आणि धक्का जिरवतो. कुजलेल्या लाकडात तो वाकण्याआधी भोकच रुंदावतं आणि खिळा नुसता कलतो.

कुजीचा आणि सांध्यांचा, दोन्ही अभ्यास समोरासमोर आले ते जपानच्या कोबे शहरात. १७ जानेवारी १९९५च्या पहाटे ५.४६ वाजता झालेल्या भूकंपात ६,४००हून अधिक माणसं गेली, त्यांतली बरीचशी जुन्या लाकडी घरांखाली. वाळवी किंवा कूज लागलेल्या घरांचं नुकसान जास्त झालेलं आढळलं. खांबांची खालची टोकं घराच्या पायावरच्या आडव्या तुळईतून उपटले गेले होते. २००० मध्ये जपानने नियम बदलले आणि खांबाच्या दोन्ही टोकांना धातूचे जोड कसे हवेत ते ठरवून दिलं. पण त्या जोडांचे स्क्रू शेवटी त्याच तुळईत जातात! म्हणून पुढे प्रयोगशाळांत सांध्यांना मुद्दाम बुरशी लावून ते मागेपुढे हलवून पाहिले गेले.

तरीही बांधकामाच्या संहितांत ओल्या लाकडासाठी ताकद कमी धरायचा गुणक असतो, कुजलेल्यासाठी नाही. तो भाग कापून काढायचा आणि नवा बसवायचा.