विषाणू गप्प बसला की पेशी बदलली?

रत्नागिरीत बी.एस्सी.च्या मुलांना शिकवते. दर वर्षी एक घोळ ठरलेला: विषाणूमुळे गाठीची (कर्करोगाची) झालेली पेशी 'पुन्हा नॉर्मल झाली', असं लिहून दोन वेगळ्या गोष्टी एकाच ओळीत कोंबतात.

राउस सार्कोमा विषाणू कोंबडीत गाठ करतो, हे पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखवलं. १९७० मध्ये स्टीव्ह मार्टिन यांना त्याचाच एक खोट असलेला प्रकार सापडला. त्याची लागण झालेल्या पेशी ३६ अंशांना गोल होतात, एकमेकींवर चढतात. ४१ अंशांना ठेवा, पुन्हा शहाण्यासारख्या पसरट. (कोंबडीचं अंगच ४१च्या आसपास, म्हणून पेशींना ते झेपतं.) उष्णतेने विषाणूचं सार्क प्रथिन, म्हणजे पेशीला बिघडवणारं प्रथिन, कामातून जातं, एवढंच. विषाणूचं जनुक जागेवरच असतं, विषाणू वाढतही असतो. तापमान उतरवलं की काही तासांत जुनी खोड परत.

हे आमच्या परड्यातल्या चिऱ्याच्या गडग्यावरच्या (कुंपणाच्या भिंतीवरच्या) शेवाळासारखं. ते शेवाळ मे महिन्यात काळं, कोरडं, बोट लावलं तर भुगा. मृगाच्या दोन सरी पडू देत, हिरवंगार. मेलेलं नव्हतंच ते.

दुसरी गोष्ट १९६८ची. पोलॅक, ग्रीन आणि टोडारो यांच्याकडे एसव्ही-४० विषाणूने बिघडवलेल्या उंदराच्या पेशी होत्या. पेशी वाढवायची बशी त्यांनी भरू दिली आणि मग वाढणाऱ्या पेशींनाच मारणारं औषध घातलं. शेजारीण टेकताच थांबायची शिस्त ज्यांच्यात परतली होती, त्या तेवढ्या वाचल्या. उंदरात गाठ करण्याची त्यांची ताकदही घटलेली. गंमत अशी की, विषाणूचं टी-प्रतिजन (पेशीला बिघडवणारं त्याचं प्रथिन) त्यांच्यात तसंच होतं. म्हणजे विषाणू गप्प बसला नव्हता, पेशीच त्याला दाद देईनाशी झाली होती. इथे माझी गडग्याची उपमा लंगडी पडते: शेवाळ आहे, पाऊसही आहे, चिराच वेगळा झालाय.

दोन्ही बश्या सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात, पेशी पसरट, एकाच थरात. मुलं फसतात ती इथेच. म्हणून मी प्रश्नच असा घालते: दोन्ही बश्या रात्रभर ३६ अंशांना ठेवल्या, तर सकाळी कोणत्या बशीत पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतील?